डब्यातला आवाज

घरातल्या वस्तूंचे दोन वर्ग असतात. काही वस्तू बिघडतात आणि आपण त्या दुरुस्त करून आणतो. काही मात्र मुळीच बिघडलेल्या नसतात, तरी त्या पुरेशा चांगल्या नाहीत असे घरातल्या कुणाला तरी वाटू लागते. पहिल्या वर्गाचा फारसा त्रास नसतो. नळ गळतो याबद्दल कुटुंबात मतभेद होत नाहीत. खरी पंचाईत होते ती दुसऱ्या वर्गाने. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात अशीच एक वस्तू निघाली. ती म्हणजे चिरंजिवांच्या गिटारचा अँप्लिफायर.

हा अँप्लिफायर त्याला दहावीच्या निकालानंतर बक्षीस म्हणून मिळाला होता. दहा वॅटचा, साडेसहा इंची स्पीकरचा, किंमत साडेचार हजार. चहाच्या डब्याहून थोडा मोठा, काळा, चार बटणांचा. वर्षभर तो सुखाने वाजला. मग एके संध्याकाळी चिरंजीव माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी उत्तरपत्रिका तपासत होते. मोठ्या मागण्या करायला ही वेळ मुले कशी हेरतात कोण जाणे!

"अगं आई, आवाज डब्यातून आल्यासारखा येतो."

"तो डब्यातूनच येतो," मी म्हटले.

पुण्यात जन्म घेतल्यावर असे उत्तर तोंडातून आपोआप निघते. पण त्याने ते मनावर घेतले नाही. आतला स्पीकर बदलून चांगला घातला तर आवाज सुधारेल, असे त्याचे म्हणणे होते. चांगला स्पीकर साडेतीन हजारांना पडत होता.

आमचे हे बँकेत असतात. त्यांनी वर्तमानपत्र खाली न ठेवताच निकाल दिला. "साडेचार हजारांच्या डब्यात साडेतीन हजारांचा स्पीकर घातला म्हणून तो आठ हजारांचा होत नाही. विकायला गेलास तर तो साडेचार हजारांचा जुना डबाच." या युक्तिवादात चूक काढायला जागा नव्हती. मीही त्याला पुरवणी जोडली, "आधी नीट वाजवायला शीक, मग पाहू."

वाक्य तोंडातून गेले आणि माझ्या हातातले लाल पेन तसेच थांबले. ते वाक्य माझे नव्हतेच. ते अण्णांचे होते.

1989 साली, मी दहा वर्षांची असताना, अण्णांनी माझ्यासाठी एक जुनी पेटी आणली. अण्णा सरकारी हिशेबखात्यात कारकून होते. घरात आम्ही तीन भावंडे, शिवाय आजी. त्या घरात पेटी आली हेच मोठे नवल होते. पेटी दिसायला छान होती, भाता शाबूत होता. फक्त मधल्या सप्तकातला एक सूर मुका होता. काळी चारची पट्टी दाबली की नुसती फुस्स हवा यायची. पांढरी एकमध्ये वाजवताना तो नेमका कोमल धैवत. क्लासमध्ये भैरव सुरू झाला तेव्हा मी रडकुंडीला आले. भैरवात कोमल धैवत नाही म्हणजे लग्नात नवरा मुलगाच आला नाही. मी अण्णांना सांगितले. ते म्हणाले, "आधी नीट वाजवायला शीक, मग पाहू." त्या जागी मी मनातल्या मनात सूर म्हणत असे. पुढल्या दिवाळीपर्यंत मी क्लास सोडला. त्या मुक्या सुरामुळेच सोडला असे म्हणणे खोटेपणाचे होईल. मी आळशीही होते. पण पेटी पुढे कितीतरी वर्षे माळ्यावर होती, आणि माळा काढताना माझे लक्ष हटकून तिच्याकडे जाई.

म्हणून त्या रविवारी मी चिरंजिवांना घेऊन बुधवार पेठेत तपकीर गल्लीला गेले. पैसे द्यायचे असे ठरवून नव्हे. निदान नीट विचारून तरी नाही म्हणावे, एवढ्याच हेतूने. दगडूशेठ हलवाई गणपतीच्या दर्शनाच्या गर्दीतून वाट काढत आम्ही गल्लीत शिरलो. वायरींची भेंडोळी, बल्ब, बटणे, माइक, कसले कसले सुटे भाग. एका जिन्यावरच्या खोलीत एक वयस्क कारागीर भेटले. मी साडी सावरत स्टुलावर बसले आणि मराठीच्या प्राध्यापिकेला शोभेल असा गंभीर प्रश्न विचारला, "काका, हे खरंच करण्यासारखं आहे का?"

"ताई, आधी ऐकू तर या," ते म्हणाले.

त्यांनी मागचे चार स्क्रू काढले, स्पीकरच्या दोन वायरी सोडवल्या आणि त्या कोपऱ्यातल्या एका मोठ्या, बारा इंची स्पीकरच्या पेटीला जोडल्या. अँप्लिफायर तोच, गिटार तीच, वाजवणारा तोच. चिरंजिवांनी जाडी तार छेडली आणि आम्ही तिघेही क्षणभर गप्प झालो. आवाज मोठा झाला होता असे नव्हे. तो भरला होता. उपाशी माणूस जेवून उठल्यावर बोलतो, तसा.

मग त्या गृहस्थांनी मला जे समजावले ते मी माझ्या भाषेत सांगते. माणसे वॅट मोजतात. पण दहाचे वीस वॅट केले तर आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल, म्हणजे जेमतेम कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायला वॅट सुमारे दहापट लागतात. उलट, तेवढ्याच शक्तीत तीन डेसिबल जास्त देणारा स्पीकर बसवला, की वॅट दुप्पट केल्याचे फळ फुकट मिळते. शिवाय गिटारची सर्वांत जाडी तार सेकंदाला सुमारे 82 वेळा कंप पावते. एवढा खालचा सूर उचलायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते आणि साडेसहा इंची कागदी शंकूला ती हलत नाही. "रेडिओच्या स्पीकरनं आलेला आवाज जसाच्या तसा पोचवायचा असतो," ते म्हणाले, "गिटारचा स्पीकर मात्र वाद्याचाच भाग. तो आवाज पोचवत नाही, घडवतो."

हे ऐकून मला मिरजेचे तंबोरे आठवले. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्हां सगळ्यांनाच अभिमान वाटला होता. त्या तंबोऱ्यात तारा आवाज काढतात, पण तो घुमतो भोपळ्यात. आणि उत्तम तंबोराही जवारी लागली नसेल तर बोलत नाही. घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवतात. तो योग्य जागी आला की तार एकदम झंकारू लागते. त्या धाग्याला आपल्याकडे 'जीव' म्हणतात. मोल दमडीचे, नाव मात्र जीव! वाद्याची किंमत आणि त्याच्या एखाद्या भागाची किंमत यांचे नाते बँकेच्या हिशेबात बसत नाही, ते असे.

परदेशातली कथाही याहून वेगळी नाही. ज्याच्या नावाच्या गिटारी आणि अँप्लिफायर जगभर गाजले तो लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी 1938 साली त्याने दुरुस्तीचे दुकान काढले, आणि गिटार वाजवायला तो कधीच शिकला नाही. पुढे 1962 साली लंडनमध्ये ड्रम विकणाऱ्या जिम मार्शलच्या दुकानातल्या लोकांनी फेंडरचाच एक अँप्लिफायर समोर ठेवून, तिकडे मिळणारे भाग घालून, तसा दुसरा बनवला. भाग निराळे, स्पीकर निराळे, म्हणून आवाजही निराळा निघाला, आणि तोच तरुण पोरांना हवा होता. सगळा इतिहासच असा डबे उघडणाऱ्यांचा आहे.

"मग याच डब्यात चांगला स्पीकर घालून द्या," मी उदार होऊन म्हटले.

ते गृहस्थ हसले. "यात साडेसहा इंचांपेक्षा मोठा बसणार नाही. साडेतीन हजार घालून फरक पडेल, पण थोडा. डबा लहान तो लहानच. ताई, जे पुढे नेता येईल त्यावर खर्च करा. मोठा स्पीकर घ्या, त्याला वेगळी पेटी करा. उद्या हा अँप्लिफायर बदलला तरी पेटी राहील. आणि त्याआधी गिटारच्या तारा बदला. गंजल्यात."

तारा वर्षभर तशाच होत्या, हे चिरंजिवांनी मान खाली घालून कबूल केले. साडेतीन हजारांची मागणी करणाऱ्याने तीनशेंची गोष्ट केली नव्हती. घरोघरी सुधारणेचा क्रम असाच चुकतो.

आम्ही नव्या तारा घेतल्या आणि त्यांच्याकडचाच एक वापरलेला बारा इंची स्पीकर बावीसशेंना घेतला. आतल्या वायरी बाहेर काढून त्यांनी जोडणी करून दिली आणि बजावले, "दोन्ही स्पीकर एकदम लावू नकोस. आठ ओमचे दोन असे जोडले की चार होतात. तुझा अँप्लिफायर तापून जाईल."

राहिली पेटी. स्वयंपाकघरातल्या कपाटांचे उरलेले प्लायवुड गच्चीवर पडून होते. आणि अण्णा होते. अण्णा आता ऐंशी पार आहेत, आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. करवत, रंधा, गुण्या असा त्यांचा सरंजाम पलंगाखाली ट्रंकेत आहे. नातवाने कागदावर आकृती काढून दाखवली. अण्णांनी चष्मा पुसला.

"बारा इंची स्पीकर म्हणतोस, आणि भोक अकरा इंचांचं?"

"आजोबा, कड वर टेकायला हवी ना! तिथंच स्क्रू येतात."

"मग तसं सांग. हिशेब पुरा सांगावा."

आठ दिवस गच्चीवर आजोबा-नातवाची खटपट चालली होती. अण्णांनी खिळा आणि दोरीने वर्तुळ आखले. नातवाने सुताराकडून मागून आणलेल्या यंत्राने कापले. एक बाजू दोन सूत कमी पडली, त्यावरून दोघांत अबोला झाला आणि पट्टी लावून सांधल्यावर तो सुटला. मला आठवते त्या सबंध लहानपणात अण्णा माझ्यासोबत इतका वेळ बसले नव्हते. त्यांना वेळच नव्हता. ही तक्रार म्हणून सांगत नाही. गच्चीच्या दारात चहाचे कप धरून उभी असताना मला ते लखलखीत दिसले, इतकेच.

पेटी झाली. आवाज सुधारला का? पुष्कळ सुधारला, जाड तारांना अंग आले. मात्र चिरंजिवांच्या चुकाही आता भरदार ऐकू येतात. पूर्वी त्यांचा दोष डब्यावर टाकता येत असे, ती सोय गेली. खालच्या मजल्यावरच्या काकूंशी वाजवण्याचा तास ठरवून घ्यावा लागला, संध्याकाळी सात ते आठ. ह्यांच्या हिशेबाप्रमाणे सगळा व्यवहार अजूनही तोट्याचाच आहे, आणि तो हिशेब बरोबर आहे.

पहिल्या संध्याकाळी सगळे ऐकून झाल्यावर अण्णांनी विचारले, "ह्यात कोमल धैवत वाजतो का रे?"

"सा कोणता धरू, आजोबा?"

"पांढरी एक."

त्याने बोटांवर मोजले, जाड्या तारेवर चौथ्या पडद्यावर बोट ठेवले आणि छेडली. सूर खोलीभर पसरला आणि हळूहळू विरत गेला. पूर्ण विरेपर्यंत अण्णा ऐकत राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तो पेटीवाला चाळीस रुपये म्हणाला होता. महिनाअखेर होती."

अण्णा विचारून आले होते, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. मी काही बोलले नाही. चिरंजिवांना मात्र म्हटले, "वाजव रे, पुन्हा एकदा तोच."