साखर फोडणारे

पीठ फुगत नसलं की माणसं साखर वाढवतात. डोंबिवलीत मी घरी लादी पाव आणि बन शिकवते. तिथे येणाऱ्या बायकांचा, आणि हल्ली येऊ लागलेल्या निवृत्त काकांचाही, हा पहिला उपाय. यीस्ट साखर खातं, मग जास्त दिली तर जास्त फुगेल. पावाच्या पिठात हा हिशेब खपून जातो. गोड बनमध्ये तो उलटा पडतो, आणि का पडतो ते समजायला यीस्टचा एक जीन माहीत असलेला बरा. नाव एसयूसी २. बोलताना ‘सक टू’.

आपली साखर म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. यीस्टची पेशी ही जोडी सहसा अख्खी आत घेत नाही. ती इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम आपल्या पातळ पटलाबाहेर सोडते. पटल आणि जाड पेशीभिंत यांच्यामधल्या फटीत ते थांबतं, साखर तिथेच फोडतं, आणि सुटे झालेले ग्लुकोज-फ्रुक्टोज मग आत जातात. हे एन्झाइम सक टूवरून बनतं. १९८२ मध्ये मरियन कार्लसन आणि डेव्हिड बॉटस्टीन यांनी दाखवलं की या एकाच जीनवरून दोन लांबीचे आरएनए निघतात. लांब आरएनएच्या प्रथिनाला सुरुवातीलाच १९ अमिनो आम्लांचा तुकडा जोडलेला असतो, तोच त्याला बाहेर नेतो. आखूडला तो नसतो, म्हणून ते एन्झाइम पेशीतच राहतं.

पाकाची साखर होऊ नये म्हणून आपण लिंबू पिळतो, तेव्हाही हीच जोडी फुटते. फरक इतकाच की लिंबाला उकळी लागते. यीस्ट हे काम पीठ मळता मळता, हाताला कोमट लागेल एवढ्या उष्णतेवर उरकतं.

कल्याणला बी.एस्सी. करताना हे डोळ्यांनी पाहिलं होतं. बेकरीचं यीस्ट वाळू घालून खलात घोटायचं, अर्क गाळायचा, साखरेच्या पाण्यात मिसळायचा, ठरल्या वेळी फुटलेली साखर रंगाने दाखवणारं डीएनएस हे रसायन घालून नळी उकळत्या पाण्यात ठेवायची. नुसत्या साखरेची नळी पिवळीच राहायची आणि अर्क पडलेली तांबूस नारिंगी व्हायची. पेशी मेल्या तरी एन्झाइम काम करत राहतं, याचं तेव्हा फार नवल वाटलं होतं. मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांचं १९१३ सालचं समीकरण आम्ही घोकून पाठ केलं होतं. ते याच इन्व्हर्टेजवर बर्लिनमध्ये बसवलेलं आहे, हे मला कितीतरी उशिरा कळलं. परीक्षेत कुणी विचारलंच नाही.

आता बन. मैद्याच्या पंधरा-वीस टक्के साखर पडली की पिठातलं पाणी साखरेकडे ओढलं जातं आणि यीस्टच्या पेशीतलंही बाहेर येऊ लागतं. त्यात इन्व्हर्टेज प्रत्येक रेणूचे दोन करतं, म्हणजे ओढ आणखी वाढते. पेशी स्वतःचं पाणी राखण्यासाठी ग्लिसरॉल बनवत बसते आणि गॅस मागे पडतो. अशा पिठात साखर वाढवणं म्हणजे यीस्टला अजून कोरडं पाडणं. म्हणून गोड पिठासाठीच्या यीस्टच्या वाणात इन्व्हर्टेज मुद्दाम मंद असलेलं पाहतात. ठाण्यात जांभळी नाक्याला सामान घ्यायला गेले की मी पाकीट उलटं करून वाचते: साध्या पिठाचं की गोड? भावापेक्षा ही ओळ महत्त्वाची, पण ती वाचणारं गिऱ्हाईक विरळाच.

या जीनची मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट बेकरीची नाहीच. साखर पेशीच्या बाहेर फुटते, त्यामुळे फोडणारीच्या वाट्याला त्यातली फार थोडी येते. जेफ गोर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मोजलं: साधारण एक टक्का. बाकीची आजूबाजूला पसरते आणि सक टू नसलेल्या पेशीही ती खातात, एन्झाइम बनवायचा खर्च न करता. गणपतीची वर्गणी न देता प्रसादाला पुढे असलेल्यांसारख्या. तरीही फोडणाऱ्या संपत नाहीत. तो एक टक्का त्यांना तगवतो, आणि दोन्ही जाती एकत्र नांदतात.

सक टू सदा चालूही नसतो. भोवती ग्लुकोज मुबलक असलं की तो दाबला जातो. ग्लुकोज अगदी थोडं उरलं की जोरात चालतो. पिठातल्या माल्टोज या दुसऱ्या साखरेसाठीचे यीस्टचे जीनही असेच ग्लुकोजपुढे गप्प असतात. मैद्यातल्या स्टार्चपासून माल्टोज बनत असतो, पण घातलेली साखर संपेपर्यंत यीस्ट त्याच्याकडे वळत नाही. म्हणून कमी साखरेचा पाव झकास फुगता फुगता मध्येच रेंगाळतो. नेमका इथेच कुणाचा तरी हात साखरेच्या डब्याकडे जातो. मी तो अडवते आणि भांडं पुन्हा झाकते. यीस्ट माल्टोजची तयारी करत असतं, थोड्या वेळाने पीठ आपणहून वर येतं. जानेवारीत हा थांबा चांगला लांबतो. मे महिन्यात, डोंबिवलीतल्या वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, तो आला कधी आणि गेला कधी ते कळतही नाही.