वाण

संक्रांतीच्या सुगडात ऊस, बोरे, गाजर, ओला हरभरा असतो, हे आपण जाणताच. नागपूरजवळच्या आमच्या लहानशा शेतातल्या भाजीचे वाटे आई भोगीच्या आदल्या दिवशी शेजारी पाठवी: मेथी, पालक, वांगी, वालाच्या शेंगा आणि सांबार (आम्ही नागपूरकर कोथिंबिरीला सांबारच म्हणतो). शेजारच्या काकूंच्या अंगात रक्त कमी. डॉक्टरांनी पालेभाज्या खायला सांगितलेल्या. पण फुकटची जुडी त्या परत पाठवीत. त्या विधवा, हळदीकुंकवाला त्यांना कोणी बोलावीत नसे. एका संक्रांतीला आई स्वतःच त्यांच्या दारी गेली.

“वहिनी, हे वाण आहे. वाणाला नाही म्हणू नये.”

काकू बराच वेळ उंबरठ्यातच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पदर पुढे केला.