जिजाईच्या हाती काय उरलं?

परवा नातवाने संगणकावर गुस्ताव्ह मोरोचं ‘ऑर्फियस’ (१८६५) दाखवलं. ग्रीक पुराणातला हा कवी; पिसाट बायकांनी त्याचे तुकडे केले. पण चित्रात रक्त नाही, किंकाळी नाही. एक मुलगी त्याचं शीर वीणेवर ठेवून शांतपणे बघत्येय, बस्स!

मला आठवलं ते आमच्या इनामगावच्या घरातलं तुकोबांच्या वैकुंठगमनाचं कॅलेंडर. तुकोबांचा घात झाला असं म्हणणारेही आहेत. चित्रात मात्र गरुडाचं विमानच. ‘प्रभात’च्या १९३६च्या चित्रपटाचा शेवटही तसाच. सगळ्यांच्या नजरा वर. माझी मात्र जिजाईवर.

त्या मुलीच्या हातात निदान शीर तरी आहे. जिजाईला तेही नाही. १६५० साली तुकोबा गेले तेव्हा ती गरोदर होती. त्याच पोराने, नारायणाने, १६८५मध्ये पालखी सुरू केली.