नवरंगाच्या मागावर : इगतपुरी मुक्काम

शुक्रवार
गाडी सव्वा तास लेट. कसाऱ्याला मागून बँकर इंजिन लागलं आणि घाट चढलो. रिक्षा 80, खोली 900, वडापाव-चहा 55. उकाडा. पाऊस नाही, पक्षीही नाही.

शनिवार
भावली धरणापर्यंत जाऊन-येऊन रिक्षा 300, जेवण 160. वाटेत सरीनं गाठलं, बूट भिजले. झाडीतून दोन सुरांची शीळ आली, पण धनी दिसला नाही. पाठ दुखतेय.

रविवार
नवरंग दिसला! त्रिंगलवाडीच्या वाटेला, करवंदीच्या जाळीखाली. चोचीनं एकेक पान उलटून बाजूला टाकत होता, खालचा किडा उचलत होता, मध्येच आखूड शेपटी खाली-वर. हिरवी पाठ, बदामी पोट, पांढरा गळा, डोळ्यावरून काळी पट्टी, पंखावर चमकता निळा आणि शेपटीखाली कुंकवाचा लाल. इतके रंग असूनही थांबला की पाचोळ्यात हरवतो. हिवाळा दक्षिणेत, श्रीलंकेपर्यंत काढायचा आणि पावसाच्या तोंडावर विणीसाठी इकडे यायचं. वजन म्हणाल तर जेमतेम 50-60 ग्रॅम.

वाटेवर करवंदं विकणाऱ्या मावशींजवळ बसले. पानांचा द्रोण 20 रुपयांना. वर मूठभर जास्तच घातली.
"ताई, त्यो रंगीत पक्षी बघाया आलाव? आमच्या घरामागं बी व्हता."
"आता नाही?"
"प्लॉट पडलं. जेसीबीनं जाळ्या उपटल्या, पाला जाळला. कशाला यील त्यो?"
मोठी झाडं मात्र राखलीत, असं त्या म्हणाल्या. पण नवरंग जेवतो पाचोळ्यात, आणि काड्या-गवताचं गोल घरटं बांधतो जमिनीवर नाहीतर खालच्याच फांद्यांत. झुडपं उपटून पाला पेटवला, तर वर झाड ठेवून त्याला काय मिळालं? मला फार राग आला. जेवण गेलं नाही.

सोमवार
दिवसभर पाऊस. बूट ओलेच. पहाटे शीळ, संध्याकाळी पुन्हा.

मंगळवार
खोलीमागच्या मोकळ्या प्लॉटवर राखणदार दादा पाला गोळा करून पेटवायच्या बेतात होते. कालची शीळ तिथल्याच ओढ्याकडून येत होती. त्यांना म्हटलं, निदान ओढ्याकाठची जाळी आणि पाला पावसाळाभर राहू द्या, पिल्लं उडून जाऊ देत. मोबाइलवरचा फोटो दाखवला. "ह्यो इथं हाय?" म्हणाले आणि काडेपेटी खिशात टाकली. पण शब्द शेटचा चालणार. शेट उद्या अकराला येतात. परतीचं तिकीट पुढे ढकललंय.