पडलेल्या पंपाचे इंजिन

धानावर तुडतुडे आले की आमच्या लाखांदूर-पवनीकडच्या बांध्यांमध्ये सकाळपासून फवारणीच्या इंजिनांचा आवाज सुरू होतो. पाठीवर घ्यायचा, पेट्रोलवर चालणारा पंप. ज्याच्या घरी असा पंप आहे त्याची टाकीमागे मजुरी सुटते. भाड्याने आणणाऱ्याची अर्धी कमाई भाड्यातच जाते. माझ्या पुतण्याने दोन हंगामांच्या मजुरीतून जुना पंप विकत घेतला होता. गेल्या भाद्रपदात चालू पंपासकट त्याचा पाय धुऱ्यावरून घसरला. पोराला काही झाले नाही, पण पंप नहराच्या सिमेंटवर आपटला, आडवा पडून काही वेळ भन्नाट फिरत राहिला आणि बंद पडला. रात्रभर तो तसाच आडवा अंगणात पडून होता.

दुसऱ्या दिवशी गावच्या बाजारातल्या मेकॅनिकने न उघडताच सांगितले, पिस्टन गेला, इंजिनच नवे टाका. त्या पैशात आठवड्याची मजुरी नव्हे, अख्खा हंगाम गेला असता. पुतण्या पंप घेऊन माझ्याकडे आला. "काका, तुम्ही पाहून द्या ना एकदा." माझा हात आयुष्यभर फिटरकामात गेला आहे, म्हणून घरात काहीही बिघडले की माझ्यासमोर येते.

अशा वेळी जो येतो तो आधी दोरी ओढतो. दहादा, वीसदा. ते पहिल्यांदा थांबवावे. आत रिंगचा तुकडा पडला असेल किंवा कार्बुरेटरातून चिखल गेला असेल, तर दर ओढीला सिलिंडरवर ओरखडे वाढतात.

त्याहून आधी औषधाची टाकी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. पडलेल्या टाकीला बारीक चीर असली तर औषध थेंबथेंब पाठीवर उतरते आणि घामात कळतही नाही. हातमोजे घालून, वाऱ्याच्या बाजूला उभे राहून पंप धुतला, मगच पाना हातात घेतला.

दोरी जागची हलत नव्हती. मेकॅनिकने बहुधा एवढेच पाहिले असावे. मी प्लग काढला आणि दोरी हळूच ओढली. इंजिन फिरले आणि प्लगच्या भोकातून पेट्रोलची पिचकारी उडाली! आडव्या पडलेल्या इंजिनात रात्रभर पेट्रोल उतरले होते. पेट्रोल हवेसारखे दाबले जात नाही, म्हणून पिस्टन वर सरकत नव्हता. प्लग काढूनही इंजिन फिरले नसते, तर पिस्टन चिकटला किंवा दांडा वाकला असे मी मानले असते.

पण फिरताना प्रत्येक फेरीला एकदा खर्र असा आवाज येत होता. पंख्याचे झाकण आत दबून पात्याला घासत होते. झाकण काढून पुन्हा फिरवले, आवाज गेला. झाकण काढूनही आवाज राहिला असता तर क्रँक वाकलेला असता, आणि मेकॅनिकचे म्हणणे मला मान्य करावे लागले असते. मग सायलेन्सर सोडून त्या खिडकीतून पिस्टन पाहिला. दोन बारीक रेघा होत्या. नखाला लागतील असे उभे ओरखडे नव्हते. भोकावर बोट ठेवले तर हवा बोट ढकलत होती. पेट्रोलचा वास पूर्ण उडाल्यावर प्लग भोकापासून दूर धरून ठिणगी पाहिली. तीही निळी.

इंजिन सुरू झाले, पण थ्रॉटल खाली असूनही आपोआप वेग धरू लागले. लगेच बंद केले. शहरातले शौकीन लोक रिमोटवर इंधनाच्या छोट्या मोटारी पळवतात, त्यांचे इंजिनही याच दोन स्ट्रोकच्या जातीचे. त्यात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेलाचे मिश्रण असते, आणि ठिणगीऐवजी प्लगमधली तापलेली तार ते पेटवते. ती मोटार आदळून उलटी पडली की चाकांवर भार राहत नाही, इंजिन बेफाम फिरते आणि तापते. खेळणे असो की पंप, दोन स्ट्रोकच्या अशा इंजिनाला वंगण इंधनातूनच मिळते. कुठून फाजील हवा आत शिरली की इंधन कमी पडते, आणि त्याबरोबर तेलही.

तार अडकलेली नव्हती. मग कार्बुरेटर आणि सिलिंडर यांमधला प्लॅस्टिकचा जोड काढून उन्हात धरला आणि जरा वाकवला. केसाएवढी चीर उघडली. हा पंप तसाच चालवला असता तर चारसहा टाक्यांत पिस्टन खरोखरच चिकटला असता. जोड आणि त्याचे पॅकिंग दीडशे रुपयांत आले. आम्ही जुने पेट्रोल ओतून दिले, पंपाच्या पुस्तकात लिहिले होते तसे लिटरला ४० मिली तेल मोजून नवे मिश्रण केले. ते अंदाजाने झाकणभर टाकायची सवय आपल्याकडे फार आहे.

पहिली टाकी साध्या पाण्याची मारायला लावली. पट्ट्याच्या कडीजवळून पाणी झिरपत होते. चीर टाकीलाच होती, आणि डकवून भागण्यासारखी नव्हती. नवी टाकी तुमसरहून यायला दोन दिवस लागले. तोवर पुतण्या दुसऱ्याच्या बांधीत निंदण्याला गेला.