कॅमेऱ्याचा पत्ता

कॅमेरा भिंतीवर बसला आणि स्क्रीनवर चित्र आलं की मालकाला वाटतं, काम झालं. माझ्या लेखी कामाचा महत्त्वाचा भाग पुढेच असतो. प्रत्येक कॅमेऱ्याला नेटवर्कवर कायमचा, त्याचा एकट्याचा पत्ता मिळाला का आणि तो कुठे लिहून ठेवलाय का, यावर ती यंत्रणा किती वर्षं बिनबोभाट चालेल हे ठरतं.

बेळगावच्या कॅम्पमधली जुनी घरं हे काम नीट शिकवतात. जाड दगडी भिंती, कौलारू छपरं, पुढे-मागे मोठं आवार. वायफाय अशा भिंतींपुढे हात टेकतं, म्हणून केबलच ओढावी लागते. तीही एका दमात शंभर मीटरपर्यंतच. फाटक त्याहून लांब असेल तर मध्ये पीओई स्विच, म्हणजे केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा स्विच, बसवायचा. छावणीचा भाग असल्यामुळे कॅमेऱ्याचं तोंड लष्करी आवाराकडे जाणार नाही, हे मी आधी पाहतो. मग पत्त्यांकडे वळतो.

घरातल्या नेटवर्कचा पत्ता बहुधा १९२.१६८.१ असा सुरू होतो. हे तीन आकडे म्हणजे गल्ली आणि शेवटचा आकडा म्हणजे घर नंबर. गणपत गल्लीत आणि मारुती गल्लीत एकाच नंबरची घरं असली तरी पोस्टमन चुकत नाही. एकाच गल्लीत दोन घरांना एक नंबर दिला की घोटाळा होतो. गल्ली कुठे संपते ते सबनेट मास्क सांगतो, २५५.२५५.२५५.०. असे काही पत्ते १९९६ च्या नियमाने खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत, म्हणून शेजारच्या बंगल्यातही तेच आकडे बिनदिक्कत चालतात.

अडचण खोक्यातूनच येते. हिकव्हिजनचा कॅमेरा कारखान्यातून बहुतेकदा १९२.१६८.१.६४ हा पत्ता घेऊन येतो, दाहुआचा १९२.१६८.१.१०८. एकाच कंपनीचे चार कॅमेरे एकदम स्विचला जोडले की चौघेही एकाच पत्त्यावर हक्क सांगतात आणि चित्र कधी येतं, कधी जातं. म्हणून मी कॅमेरे शिडीवर नेण्याआधी टेबलावर मांडतो. लॅपटॉपला त्याच गल्लीतला मोकळा पत्ता देतो आणि एकच कॅमेरा जोडतो. पहिलं काम पासवर्ड बदलण्याचं. मग जो पत्ता द्यायचा त्यावर पिंग मारतो, म्हणजे तिथे कोणी आहे का अशी हाक देतो. उत्तर आलं नाही तर जागा मोकळी असावी. काही उपकरणं पिंगला गप्प राहतात, त्यामुळे कोणता पत्ता कोणत्या उपकरणाकडे आहे ते दाखवणारी एआरपीची यादीही बघतो. पत्ता दिला की कॅमेरा रीस्टार्ट होतो, आणि थोड्या वेळाने त्या नव्या पत्त्यावरून उत्तर येऊ लागतं. ते आलं की कॅमेऱ्याच्या पाठीवर आणि केबलच्या दोन्ही टोकांना नंबर चिकटवतो, मगच दुसरा कॅमेरा हातात घेतो.

कॅम्पमधल्या एका निवृत्त सुभेदारांकडे पावसाळ्यात गेलो होतो. लाइट गेली आणि आली की त्यांचा फाटकावरचा कॅमेरा बंद पडायचा. “कॅमेरा जळलाय, नवा आणा,” असं त्यांना कोणी सांगितलेलं. कॅमेरा धडधाकट होता. आधी बसवणाऱ्याने पत्ता डीएचसीपीवर सोडला होता, म्हणजे पत्ता देणं राउटरच्या मर्जीवर. लाइट आल्यावर राउटरने भलताच पत्ता दिला आणि एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा रेकॉर्डर, जुन्याच दारावर हाका मारत बसला. मी राउटरची वाटप-यादी १०० ते १९९ एवढ्यावर आणली, एनव्हीआरला २०० दिला, फाटकाच्या कॅमेऱ्याला २०१, मागच्या दाराला २०२. मुलगा पोस्टिंगवर लांब, त्याला फोनवर फाटक दिसलं तेव्हा सुभेदारकाका म्हणाले, “एवढ्या आकड्यावर अडलं होतं व्हय?”

बाहेरून बघायची सोय हाच सगळ्यात जपून करायचा भाग. राउटरवर पोर्ट उघडून कॅमेरा थेट इंटरनेटला दाखवणं मला मान्य नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्याचे पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधून ताब्यात घेतले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच यंत्रांच्या जोरावर, वेबसाइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येकांना तासन्‌तास मिळेनात. चोरापासून घर राखायला लावलेली यंत्रं हल्लेखोराच्या दावणीला बांधली गेली होती. म्हणून मी कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये गेटवेची, म्हणजे बाहेर जायच्या दाराची, जागा रिकामी ठेवतो. ते घरातल्या घरात एनव्हीआरशी बोलतात, वेळही त्याच्याकडूनच घेतात. बाहेर जायची मुभा एकट्या एनव्हीआरला.

ही व्यवस्था एका कागदावर मावते: कॅमेरा कुठे आहे, त्याचा पत्ता काय, स्विचच्या कितव्या पोर्टवर आहे, राउटरची यादी कुठून कुठपर्यंत. पासवर्ड मालकाने स्वतः टाकायचा आणि स्वतःच्या वहीत लिहायचा. ही माहिती कागदावर न येता बसवणाऱ्याच्या डोक्यातच राहिली तर तो गाव सोडून गेल्यावर पुढच्याला सगळं मुळापासून शोधावं लागतं, आणि त्याचे पैसे मालकच मोजतो.

तेव्हा तुमच्याकडे कॅमेरे बसवायला कोणी आलं, तर चित्र किती स्वच्छ दिसतं एवढंच पाहून बिल चुकतं करू नका. पत्त्यांचा कागद मागा, पासवर्ड तुमच्या हाताने बदला आणि मेन स्विच एकदा बंद करून चालू करा. सगळे कॅमेरे आपापल्या नंबरावर परत आले, तरच काम पुरं झालं.