केर काढताना

लालबाग-परळच्या चाळकऱ्याला अस्वच्छ म्हणून पाहावे, भांडण ठरलेलेच! आमची खोली दहा बाय बाराची, माणसे सहा. पण दोन वेळा केर निघतो, आणि घटस्थापनेपूर्वी पोटमाळ्यावरच्या ट्रंकांसकट सगळे घर गॅलरीत येते. एवढे असून माझी धाकटी बहीण रात्र रात्र भिंतीला टेकून श्वास ओढत बसे. साफसफाईच्या दिवशी तर हमखास.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "केर काढताना ही कुठे असते?" आई गोंधळली. एका खोलीत असणार कुठे?

घरच्या धुळीने दमा का उसळतो, याचा शोध घेताना हॉलंडमधल्या लायडेनच्या संशोधकांनी १९६४ साली एका किड्याकडे बोट दाखवले. मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा एवढा हा जीव आपल्या अंगावरून झडणाऱ्या कोंड्यावर जगतो. तो चावत नाही. त्याची विष्ठा धुळीत मिसळते आणि तीच छातीला बाधते. पाणीही तो पीत नाही, हवेतला ओलावा शोषतो. मुंबईच्या पावसाळ्यात त्याची चंगळच! सुका झाडू फिरला की खाली बसलेले सारे पुन्हा हवेत उठते. आपली स्वच्छता डोळ्यांसाठी असते, नाकाचा विचार तीत नसतो.

खरे वादळ उठले ते आजोबांच्या गादीवरून. दिवसा घरातल्या गाद्यांची चळत रचून वर चादर टाकली की तोच बहिणीचा अभ्यासाचा कोच. म्हणजे किड्यांच्या गावीच तिचा मुक्काम! बाबा म्हणाले, जुनी गादी टाकून देऊ. आजोबा ऐकेनात. पिंजाऱ्याला गॅलरीत बसवून, समोर कापूस पिंजून घेऊन त्यांनी ती लग्नात भरून घेतली होती.

"जन्मभर गिरणीचा कापूस छातीत घेतला, ही गादी काय करणार?" ते म्हणाले.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तोवर आजोबा कार्डिंग खात्यात होते. कापसाच्या धुळीने गिरणी कामगारांना बिसिनोसिस होई. सुटीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी छाती आवळायची, ही त्याची खूण. आजोबांना तो सोमवार अजून आठवतो. म्हणूनच असेल, दुसऱ्या दिवशी आई झाडू घेऊन उठली तेव्हा त्यांनी खांद्यावरचा पंचा तिच्यापुढे धरला. "आधी नाकाला बांध. आम्ही बांधत होतो." सगळी धूळ आधी आईच्याच नाकात जाते, हे तोवर कोणाच्या लक्षातही आले नव्हते. मग गादीबद्दलही तडजोड झाली: गादी राहील, पण घट्ट विणीच्या चेनवाल्या खोळीत, आणि बहीण तिच्यावर बसणार नाही.

आता आधी ओले फडके फिरते, मग लादी पुसली जाते. तेवढा वेळ आणि पुढे अर्धा-एक तास बहीण शेजारच्या काकूंकडे. चादरी आठवड्याला कढत पाण्यात. पंचावन्न-साठ अंशांना किडे मरतात. गॅस जळतो म्हणून आजी कुरकुरते, तेही खरेच आहे. बहिणीचा दमा गेलेला नाही, पंप दप्तरात असतोच. रात्रीचे उठणे मात्र कमी झाले.

राहिली झुरळे. त्यांची विष्ठा, गळलेले पाय-पंख हेही दम्याला तितकेच वाईट. आम्ही डबे झाकतो, मोरी रात्री कोरडी करतो, कणकेत बोरिक पावडर मळून गोळ्या ठेवतो. पण झुरळाला कुठे भाडेपावती लागते? शेजारची मोरी ओली असली की ती भिंतीच्या फटीतून आमच्याकडे हजर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, तेव्हा कबुतरांच्या विष्ठेने फुफ्फुसे बिघडतात यावर आमच्या गॅलरीत दोन रात्री वाद रंगला. मोरीच्या फुटक्या नळीचा विषय काढला की मात्र सगळ्यांना झोप येते. येत्या रविवारी आजोबा स्वतः, पंचा खांद्यावर टाकून, दारोदार जाणार आहेत.